ड्रम सोलोच्या जागी

माझ्या भाऊजींनी सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्याआधी अकरा वर्षं आमच्या रॉक बँडची गाणी लिहिली. लिहायचे ते, मागे उभं राहून साथीची गिटारही वाजवायचे; गायचा दुसराच, आणि टाळ्या खायचा पुढचा गिटारवाला. ड्रमवर मी. मला टाळ्या पडायच्या नाहीत, पण आवाजात मी कुणाला हार जात नव्हतो. बँड मोडला तेव्हा गाणारा परदेशी गेला, गिटारवाल्याने टायरचं दुकान टाकलं, मी शाळेत खेळाचा मास्तर झालो आणि भाऊजी पाना घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. "तिथं शांत असतं," एवढंच म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. जुनी दहा गाणी, एकट्याने, नुसत्या साध्या गिटारवर गाऊन रेकॉर्ड करायची. एकट्याने! मी ताईकडे तक्रार केली, "म्हणजे मी काय मेलो?"

"अरे, तू वाजवलंस तर ते एकटे कसे राहतील?" ताई म्हणाली. माझी ही बहीण लहानपणापासून अशीच सरळ बोलते आणि समोरच्याला गप्प करते.

मी तोंड फुगवून बसलो, तरी त्या दिवशी गाडी मीच काढली. अकरा वर्षं मोटारसायकलींबद्दल गाणी लिहिणाऱ्या या माणसाला साधी सायकलही धड येत नाही. गिटार मांडीवर घेऊन ते मागे ताईशेजारी बसले आणि सिग्नलला म्हणाले, "आज जमलं नाही तर गिटार देऊन टाकणार. परत विषय काढायचा नाही." सिगारेटही त्यांनी अशाच एका वाक्यात सोडली होती.

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, मधे जाड काच. काचेच्या आत भाऊजी, बाहेर रेकॉर्डिंग करणारी पोरगी आणि फाटक्या सोफ्यावर आम्ही बहीण-भाऊ. त्यांचा गाण्याचा आवाज मी कधी धड ऐकलाच नव्हता. खरखरीत आवाज, अगदी बेताचा, पण शब्द कसे लख्ख ऐकू येत होते. मला आवडला. आवडला म्हणून आणखी राग आला. दुपारी चारपर्यंत नऊ गाणी झाली आणि ती पोरगी खुर्चीत उड्या मारायला लागली.

दहावं गाणं 'भरधाव'. आमचं सगळ्यात गाजलेलं. दोन कडवी झाली, आणि भाऊजी थांबले. हात तारांवर, डोळे मिटलेले, मान डोलतेय, पाय ताल देतोय. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. बराच वेळ असाच गेला आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात त्यांनी शेवटचं ध्रुवपद उचललं.

पोरीने बटण दाबून माइकवर विचारलं, "काका, काही विसरलात का?"

"नाही गं. मेहुणा वाजवत होता."

ताई आणि मी पोट धरून हसलो. दुसऱ्या कडव्यानंतर माझा ड्रम सोलो असायचा. लोक ओरडायला लागले की मी तो रबरासारखा ताणायचो आणि भाऊजी बिचारे तारांवर हात ठेवून वाट बघायचे. माझी छाती फुगली. मला बोलावलं नसलं तरी माझी जागा त्यांनी राखून ठेवली होती.

पण नंतरच्या वेळीही तसंच झालं. मग पुन्हा. न थांबता गायचा प्रयत्न केला तर शब्द अडखळत, बोटं चुकत. पोरीने कॉम्प्युटरवर मधली शांतता कापून पाहिली, तर गाणं ठेच लागल्यासारखं पुढे पडायचं. सातव्या खेपेला भाऊजींनी डोळे उघडले, गिटार पेटीत ठेवली आणि बाहेर आले.

"राहू दे. माझ्याच्यानं नाही होत."

"काका, नऊ छान झालीत की!"

"हे नसेल तर नऊही नकोत. या एकासाठी तर आलो होतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. कारण त्या जागी काय होतं ते या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ते चुकीचं माहीत होतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "तिथं तिसरं कडवं होतं."

"होतं. पण हिला आवडलं नव्हतं ना."

"मला?" ताई म्हणाली. "कुठलं कडवं?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लग्नाआधी त्या दोघांच्या चिठ्ठ्या मी पोचवायचो. एका चिठ्ठीत ते कडवं होतं आणि खाली, 'आवडलं तर गाण्यात घेतो.' चिठ्ठ्या मी उघडून वाचायचो, हे पहिलं पाप. ते कडवं इतकं चांगलं होतं की ते गाण्यात आलं तर माझ्या सोलोला जागाच उरली नसती. म्हणून ती चिठ्ठी मी ताईला दिलीच नाही आणि भाऊजींना सांगितलं, "ताई म्हणाली, हे काही बरं नाही, काढून टाका." त्यांनी काढून टाकलं. आणि त्या जागी अकरा वर्षं मी ड्रम बडवले.

अठरा वर्षांचा होतो, अक्कल नव्हती, हे सगळं सांगून झालं. पण छप्पन्नाव्या वर्षापर्यंत गप्प राहिलो, ते काही अकलेवर ढकलता येईना. मला फार लाज वाटली.

ताई म्हणाली, "घरी चल, बघतेच तुला."

भाऊजी मात्र रागावले नाहीत. कपाळ चोळत म्हणाले, "मला आता त्यातला एक शब्द आठवत नाही रे."

"मला आठवतो," मी म्हणालो. "सगळं आठवतं. चोरलेली गोष्ट माणूस विसरत नाही."

पोरीच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी ते लिहून दिलं. त्यांनी वाचलं, ओठ हलवून मात्रा मोजल्या, आणि गिटार काढून पुन्हा आत गेले. दोन कडवी झाली. या वेळी ते थांबले नाहीत.

"तुझ्या दाराशी आलो तर हॉर्न नाही वाजवणार,
इंजिन बंद करून गुपचूप बसेन.
तू येशील तेव्हा ये.
मला घाई नाही, कधीच नव्हती."

शेवटच्या ओळीला आवाज चिरकला. पोरीने हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं. ध्रुवपद झालं, शेवटचा सूर विरला. आत भाऊजी तसेच मान खाली घालून बसून होते. चांगलं झालं की वाईट, हे त्यांना कळत नसावं.

ताई उठली. पदराने नाक पुसलं, पोरीला बाजूला सरकवलं आणि पोरीने दाबलं होतं तेच बटण दाबून माइकवर वाकली.

"आवडलं," ती म्हणाली. "काढू नका."