गाडी थांबते, असं छापलं होतं

मोटारीची जाहिरात हाच पुरावा धरून मी एका माणसावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायला निघालो होतो. नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो. हे विसरायला माझे जुने सहकारी तयार नाहीत, म्हणून मीच लिहून टाकतो.

तारापूरच्या पुढे किनाऱ्याला लागून जो अरुंद रस्ता जातो, त्याच्या कडेला कोळी मंडळी बोंबील सुकवतात. बांबूच्या वलांड्या, त्यांवर आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर टांगलेले बोंबील. एका सकाळी एक कोरी मोटार रस्ता सोडून थेट त्या वलांड्यांत शिरली. बोंबील टांगणारी मावशी जीव वाचवायला बाजूला उडी मारताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. गाडी चालवणारा तिथल्या अणुऊर्जा प्रकल्पातल्या एका ठेकेदाराकडचा अभियंता होता. मूळचा खानदेशचा, राहायला सालवडला.

ठाणे अंमलदाराने निष्काळजीपणाची नोंद घेतली. प्रकरण तिथेच संपायचं. पण दुपारी एक रिक्षावाला खबर घेऊन आला.

"साहेब, त्या इंजिनीअरचं आणि मावशीचं गेल्या आठवड्यात जोरात वाजलेलं. वलांडीचा बांबू गाडीला घासला म्हणून. सगळ्यांदेखत बोलला तो, 'एक दिवस हे सगळं आडवं करून टाकीन.'"

हेतू सापडला की मला भूक लागते, ही जुनी खोड. मी वडापाव मागवला आणि खात खातच गाडीची तपासणी केली. पुढच्या खणात गाडीचं माहितीपत्रक मिळालं. गुळगुळीत कागद, हसरं कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, की समोर माणूस, जनावर किंवा अडथळा आला तर ही गाडी आपोआप थांबते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थांबणारी गाडी थांबली नाही, म्हणजे कुणीतरी ती थांबू दिली नाही!

अभियंत्याला समोर बसवलं.

"गाडी आपोआप थांबते. बरोबर?"

"हो साहेब."

"मग थांबली का नाही?"

"तेच मला कळत नाहीये."

"मला कळतंय. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलात."

"नाही हो साहेब. जेवणाचा डबा सीटवरून खाली घरंगळला, तो काढायला वाकलो. पुढे वळण आहे, वलांड्या आहेत, सगळं माहीत होतं. म्हटलं, गाडी बघून घेईल."

"गाडी बघून घेईल? एवढा शिकलेला माणूस असं म्हणून खाली वाकतो? कुणाला बनवतोस?" 'तुम्ही'वरून 'तू'वर मी कधी उतरलो, मलाही कळलं नाही.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमच्या हातात आहे ना, तेच मीही वाचलं होतं."

मला तो उद्धटपणा वाटला. त्याने हात जोडले. "निष्काळजी म्हणा, परवाना काढून घ्या. पण मुद्दाम केलं असं लिहू नका. माझा गेटपास पोलीस पडताळणीवर आहे. हे कलम लागलं की मला फाटकातून आत घेणार नाहीत. दुसरी नोकरी तरी कोण देईल?"

नव्या भरतीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलो, की खोटं बोलणारा स्वतःला हुशार ठरवणारी गोष्ट सांगतो आणि खरं बोलणारा बरेचदा स्वतःला मूर्ख ठरवणारी. ते खरं बोलणं माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं आणि मी त्याला दरडावत होतो.

कागद रंगवण्याआधी ते थांबणं पंचांसमक्ष दाखवून घ्यावं, असं मी ठरवलं. तपास हे निमित्त. गाडी आपली आपण थांबते कशी, हे बघायची मला लहान पोरासारखी उत्सुकता होती. बोईसरच्या शोरूममधून विक्रेत्याला तशीच दुसरी गाडी घेऊन बोलावलं.

"शंभर टक्के थांबणार, सर," तो म्हणाला.

"छान. मग तुम्हीच उभे राहा पुढे."

"मी? सर, माझी पाठ जरा धरली आहे."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो वाणगावचा, माझ्यापेक्षा शहाणा. "साहेब, माजी पेन्शन जवळ आली हाय. मी नाय."

शेवटी ठाण्यातली एक खुर्ची मैदानात ठेवली. स्टेअरिंगवर मी. वेग धरला, पाय उचलून घेतले आणि छापील अक्षरांवर भरवसा ठेवून बसून राहिलो. गाडी शांतपणे खुर्चीवर चढली.

विक्रेता धावत आला. "सर, ते अपडेटमध्ये येणार आहे! यंत्रणा गाडीत बसवलेली आहे, फक्त सॉफ्टवेअर यायचंय."

"गिऱ्हाइकाला हे सांगितलं होतं?"

"येणार आहे, असं सांगतो ना सर."

"कधी येणार?"

"दिवाळीत येणार होतं."

"कुठल्या?"

तो खुर्चीचे तुकडे गोळा करू लागला.

मग मी मावशीकडे गेलो. खरं तर सगळ्यात आधी जायला हवं होतं. तिच्या जबाबात 'गाडी आली, मी पडले' एवढंच होतं. मी विचारलं, "तो तुमच्याकडे बघत होता का?"

"बघंल कसा? मी वरडले, त त्याचं डोकंच दिसंना. खाली वाकलेला. मंग वर आला तो भूत बघितल्यासारखा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा?"

खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा मात्र राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. मनगट मोडलं होतं ते खरंच. शिक्षा त्याने भोगली, गेटपास वाचला. कंपनीच्या जाहिरातीबद्दल मी वर लिहून कळवलं. पुढे काय झालं, मला कळलं नाही. वर्षभराने कुतूहल म्हणून शोरूमला फोन केला. "अपडेट आलं का हो?" विक्रेता आनंदाने म्हणाला, "आलं ना सर! आता नुसतं बोललं की गाणं बदलतं."

या प्रकरणाने मला एक साधी गोष्ट शिकवली. यंत्र काय करणार आहे हे विकणारा सांगतो, ते आज काय करतं हे आपणच बघायचं असतं. एकाच कागदावर आम्ही दोघांनी विश्वास ठेवला. तो आरोपी झाला आणि मी तपास अधिकारी, एवढाच फरक.

एक सांगायचं राहिलं. मोठं कलम का लावलं नाही, हे तेव्हाच फिर्यादीला समजावणं माझं काम होतं. मावशी गळ्यात हात बांधून ओट्यावर बसली होती. मी माहितीपत्रक, खुर्ची, अपडेट, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कागदावर छापलं व्हतं, म्हनून तुमी खरं धरलं?"

"हो."

"साहेब, माजा हात बरा झाला का बाजारात या. तुमाला परवाचं पापलेट आजचं म्हनून इकते."