बगळ्याची चोच, इयत्ता नववी

बरणी मीच फोडली. एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, पण हात खाली ठेवून बोलणं काही जमलेलं नाही. प्रयोगशाळेत नववीचा वर्ग बसला होता. "पाण्यावर सावली पडली," मी सांगत होतो, "की मागोमाग चोच येणार, हे ज्या बेडकांना आधी उमगलं ते निसटले. बाकीचे बगळ्याच्या पोटात! निसटलेल्यांना पिल्लं झाली, त्यांच्यात तो सावधपणा उतरला. अशी होते उत्क्रांती!" एवढं म्हणून मी उजव्या हाताचा बगळा केला आणि झडप घातली. बगळा थेट टेबलावरच्या बरणीवर.

खळ्ळकन काच फुटली आणि पाणी माझ्या चपलांत शिरलं. त्या बरणीत आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी अंड्यांपासून वाढवलेली बेडकाची चाळीस पिल्लं होती, शेपटीवाली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मावशी त्यांच्यासाठी उकडलेला पाला घेऊन यायच्या. कालच दोघांना मागचे पाय फुटले, तर मला हाताला धरून नेऊन दाखवले होते, नातवाचा पहिला दात दाखवावा तसे.

मावशींची शाळा चौथीतच सुटली. घरी पाठची चार भावंडं सांभाळायची होती. कुठलं पोर कधी पडणार, हे त्यांना पोराच्या आधी कळायचं. आता ती नजर आमच्यावर असते. रक्तगट तपासायच्या दिवशी ज्याला भोवळ येणार, त्याच्या मागे स्टूल आधीच सरकवलेलं.

मी गुडघ्यांवर बसून काचांमध्ये, शेवाळात चाचपायला लागलो. एकही पिल्लू सापडेना.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "तुमची पोरं मारली हो मी!"

मावशी केरसुणी आणि सुपली घेऊन दारात उभ्याच होत्या.

"उठा आधी, हात कापेल. पोरं मागच्या खोलीत आहेत, बादलीत. सकाळीच हलवली. इथे नुसतं शेवाळ ठेवलं होतं, तेही तडकलेल्या बरणीत."

मी धावत जाऊन मोजली. चाळीसच्या चाळीस! शेपट्या हलवत मजेत फिरत होती. माझा जीव आत्ता भांड्यात पडला. पिल्लांचे जीव सकाळपासूनच बादलीत होते.

"पण मावशी, आजच फुटणार हे तुम्हाला कळलं कसं?"

मावशींनी काचा सुपलीत ओढल्या.

"दर वर्षी याच वाक्याला तुमची चोच सुटते, सर."