तेविसाव्या पानावरचा राब

रविवार, १८ जानेवारी, सकाळी साडेदहा. किन्हवलीचं वाचनालय. हजर: आई, पहिल्या रांगेत, नव्या साडीत. आत्या, शेणव्याहून पहिल्या एसटीने आलेली. धाकटी बहीण, जिच्या कॉमिकचं प्रकाशन होतं. प्रकाशकांकडून आलेल्या एक बाई. शाळेतली आणि पाड्यावरची मिळून चाळीसेक मुलं. आणि मी. खुर्च्या, पाणी, हार, माईक हे सगळं माझ्याकडे.

बहिणीचं हे स्वतःचं पहिलं पुस्तक. आमच्यासारख्याच घरातल्या दोन बहिणींची चित्रकथा. त्यातल्या तेविसाव्या पानावर एक चूक होती. ती मला चार महिन्यांपासून माहीत होती आणि मी बहिणीला सांगितली नव्हती.

घरात चित्रं काढायला आधी मी लागले, ती नंतर. कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहून ठेवते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड होती, तिला बी. लग्नघरांच्या भिंतींवर मोर आणि कलश मी रंगवायचे, ती रंगाचा डबा धरून उभी राहायची. पुढे ती कला शिकायला मुंबईला गेली आणि मी मुरबाडच्या एका छापखान्यात लागले. बावीस वर्षं शाळेच्या स्वाध्याय पुस्तिकांसाठी चित्रं काढते आहे. बेडकाचं जीवनचक्र, फुलाचे भाग, रस्ता ओलांडण्याचे नियम. काम वेळेत देते, चित्र परत येत नाही. त्या पुस्तिकांवर चित्रकाराचं नाव छापत नाहीत.

तिने आधी दुसऱ्यांच्या कॉमिकमध्ये रंग भरले, मग मासिकांत कोपऱ्यातली चित्रं केली, मग मुखपृष्ठं. दरवेळी ती आईला फोन करायची आणि आई मला सांगायची, "अगो, तिचं चित्र आलंय. पयल्या पानावर!" मी "छान" म्हणायचे. त्या दिवशी माझ्या भाकऱ्या जाड व्हायच्या.

सप्टेंबरात तिने पेन्सिलीची कच्ची पानं मला फोनवर पाठवायला सुरुवात केली. गाव सोडून तिलाही बावीस वर्षं झालेली, म्हणून तपासायला मी. मी वहीत पानवार नोंदी केल्या. विळ्याची धार आतल्या बाजूला हवी. हंड्याचा गळा एवढा उंच नसतो. चौदा चुका कळवल्या, तिने चौदाही सुधारल्या. मग तेविसावं पान आलं.

पानभर एकच चौकट. आई राब पेटवते आहे. भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, फांद्या आणि पाला पसरून वर माती टाकतात आणि जाळतात. त्याने माती भाजते, तण मरतं. पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाला. मग आग वाऱ्याच्या उलट, धुमसत, हळू सरकते. चित्रातल्या आईने चूड, म्हणजे पेटत्या गवताची जुडी, वारा येतो त्या टोकाला लावली होती. तिचा पदर उडत होता आणि ज्वाळा पुरुषभर उंच होऊन पुढे धावत होत्या. खाली बहिणीने लिहिलं होतं, "ताई, राब बरोबर आहे ना? मी कधी पेटवला नाही."

खरंच नव्हता. परीक्षा संपली की तिला मामाकडे तानशाला धाडायचे. ती नाजूक. शेणाच्या पाट्या मी वाहायचे, आणि केसांतला धुराचा वास आठवडा आठवडा जायचा नाही.

ते पान पुस्तकातलं सगळ्यात देखणं होतं. चूक असूनही. मी राब काढला असता तर आकृतीसारखा काढला असता, बाण आणि नावं देऊन. मी आधी पूर्ण उत्तर टाइप केलं, वारा कुठून, चूड कुठे. मग ते पुसलं आणि लिहिलं, "मस्त. पुढे जा."

प्रकाशनाच्या दिवशी बहीण पुस्तक उघडून मुलांना एकेक पान दाखवत होती. तेविसाव्याला आत्याने हात वर केला.

"थांब गो. ह्यो राब कोनी पेटवला?"

"आईने," बहीण म्हणाली.

"तुझी आय असा नाय पेटवायची. वारा हिकडून नि चूड पन हिकडूनच? पाला भुर्रकन जळंल नि माती राहील कच्ची. बाजूवाल्याची गवताची गंजी जाईल ती येगळीच."

"बघा, माझी अब्रू घालवली पोरीनं!" आई म्हणाली. सगळे हसले. पाड्यावरची मुलं सर्वांत जास्त हसली.

बहीण लाल झाली, मग तीही हसली. "माझंच चुकलं, आत्या. राबाच्या वेळेला मी मामाकडे आंबे खात असायची. ताईने सगळं तपासून दिलंय, पण हे पान मी तिला फार घाईत पाठवलं."

घाईत नव्हतं पाठवलं. तिने मला तीन दिवस दिले होते.

मी मागे खुर्च्यांपाशी होते. हातातलं पुस्तक तिथेच पहिल्यांदा शेवटपर्यंत उलटलं. शेवटच्या पानावर छापलं होतं, "गावातली प्रत्येक गोष्ट हिने तपासली, म्हणून हे पुस्तक खरं आहे." खाली माझं पूर्ण नाव. पुस्तकात माझं नाव पहिल्यांदाच आलं.

आत्याला एसटीपर्यंत सोडायला गेले. ती म्हणाली, "तू तर दर साली राबावर असायचीस. तुला नाय दिसलं?"

"नाय दिसलं, आत्या."

"मंग चष्म्याचा नंबर बघून घे."

काही शाळांनी प्रती मागितल्या आहेत, म्हणून पुस्तक लगेच पुन्हा छापलं जाणार आहे. बहिणीने ते पान नव्याने काढून काल मला पाठवलं. आता आग घोट्याएवढीच आहे, आई तिच्या कडेने वाकून चालते आहे, आणि चौकटीचा अर्धा भाग नुसता धूर आहे. पान आधीपेक्षा चांगलं झालं आहे. त्याचाही मला राग आला. तरी या वेळी पूर्ण उत्तर पाठवलं. चूड बरोबर टोकाला आहे, धूर थोडा आणखी जमिनीलगत ठेव. तिचं लगेच उत्तर आलं, "तू आहेस म्हणून बरं आहे."

वाचनालयात भाड्याने आणलेल्या खुर्च्या परत दिल्या. माईक परत दिला. प्रकाशनातला आईचा फोटो छापून घेतला. आत्याला पुस्तकाची प्रत पाठवली. राहिलं आहे ते एवढंच, की ती चूक मला सप्टेंबरातच दिसली होती हे बहिणीला सांगायचं. पुस्तक शुक्रवारी छापायला जातं. शेवटच्या पानावर माझं नाव ठेवायचं की काढायचं, हे त्याआधी तिला ठरवता आलं पाहिजे. आज बुधवार. फोन अजून केलेला नाही.