दद्दांची गोलवही

"कोई एतराज हो तो अभी बोलो. बाद में हम बहरे हैं."

सामना संपला, पोरी पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडल्या, की टेबलामागची एक काटकुळी मूर्ती उठायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची आणि वही उघडायची. मग वाचन. पहिला गोल कितव्या मिनिटाला, कोणाचा, पास कोणी दिला. दोन्ही संघांनी ओळीत उभं राहून ऐकायचं. वाचून झालं की हे वाक्य, आणि मग ते खरंच थांबायचे. बाहेरगावचे संघ पहिल्या वेळी खुदखुदायचे. दुसऱ्या वेळी आपणहून ओळीत उभे राहायचे.

मैदानावर सगळे त्यांना दद्दा म्हणत. इकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. घर खंडेराव गेटच्या आत. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. मी साताऱ्याकडची, नोकरीत बदली होऊन झाशीला येऊन पडलेली. मराठी कानावर पडली म्हणून हरखून बोलायला गेले, तर म्हणाले, "ताईजी, आमची मराठी जरा जुनी आहे. सांभाळून घ्या." जुनी म्हणजे, वहीला ते दप्तर म्हणत आणि लाल कापडाच्या रुमालात बांधून आणत.

खेळ लॅक्रोसचा. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. काठीच्या टोकाला जाळी, त्या जाळीत चेंडू झेलायचा, घेऊन पळायचं आणि समोरच्या गोलात भिरकावायचा. माझी मुलगी मैत्रिणींच्या नादाने त्यात शिरली. तिला सोडायला म्हणून मी नगरा भागातल्या घरून स्कूटीवर यायचे. रिकामा बसलेला पालक दिसला की प्रशिक्षक त्याला कामाला लावतातच. माझ्या हातात स्टॉपवॉच आलं आणि मी दद्दांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, ती बसलेच.

त्यांनी उभं आयुष्य हॉकीचे गोल लिहिण्यात घातलं होतं. हा नवा खेळ आला तेव्हा बाकीचे म्हातारे नाकं मुरडत बसले; यांनी नियम छापून आणले आणि शाळकरी पोरासारखे पाठ केले. पंच फक्त गोल झाला एवढं सांगणार. कोणाचा, हे टेबलाने पाहायचं. आपल्याच संघातल्या दुसरीच्या काठीला लागून चेंडू आत गेला, तर गोल त्या दुसरीचा. विरोधी मुलीच्या काठीला लागून गेला, तर मारणारीचा. पास देणारीचा रकाना ते लाल शाईने आखत. "गोल मारणारीला सगळे उचलून घेतात, ताईजी. देणारी तिथेच हात झाडत उभी असते."

वहीत पेनानेच लिहायचं. खाडाखोड नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर नाव, बाजूला कारण आणि सही. मी एकदा रबर पुढे केला, तर म्हणाले, "तो आमच्या नातवाला द्या."

एकदा बक्षीस द्यायला आलेले एक बडे पाहुणे टेबलाशी वाकून म्हणाले, "दद्दा, हमारी भतीजी का एक गोल बढ़ा दो. बच्ची खुश हो जाएगी."

"बढ़ा देंगे साहब," दद्दा नम्रपणे म्हणाले. "घटाएँ किसका?"

पाहुण्यांनी पुन्हा टेबलाकडे पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. टाळत होते इतका वेळ.

आमच्या संघात मऊरानीपुरची एक मुलगी होती, सात नंबरची. पहाटेची बस पकडून यायची, डब्यात पुरी आणि लोणचं. माझी मुलगी अकरा नंबर. राज्याच्या शिबिरात आमच्या संघातून एकच जागा होती. प्रशिक्षकांनी सरळ सांगितलं होतं, स्पर्धेत जिचे गोल जास्त, ती जाईल. शेवटच्या सामन्याआधी दोघींचे चार-चार.

त्या दुपारी वारा सुटला होता. सामना संपायला पाच मिनिटं असताना माझ्या मुलीने लांबून चेंडू फेकला. त्याच क्षणी वहीची पानं फडफडून उलटली आणि दद्दांनी दोन्ही हात वहीवर टाकले. मान वर करेपर्यंत पोरी नाचत होत्या.

ते माझ्याकडे वळले. "ताईजी, मी पाहिलं नाही. कोणाचा?"

मी पाहिलं होतं. चेंडू गोलाच्या बाहेरून चालला होता. सात नंबरच्या पोरीने काठी आडवी घालून त्याला आत वळवलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं मला.

"अकरा," मी म्हणाले.

काय सांगू, विचार करून बोलले असते तर स्वतःला कधीच माफ केलं नसतं. तोंडातून निघून गेलं. त्यांनी लिहिलं. माझ्यावर विश्वास होता ना! वाचन झालं तेव्हा सात नंबरची मुलगी बस चुकेल म्हणून पळाली होती. माझी मुलगी ओळीत उभी, नजर बुटांवर. "कोई एतराज?" दद्दा थांबले. कोणी बोललं नाही.

घरी येताना स्कूटीवर मागून आवाज आला, "मम्मी, वो गोल मेरा नहीं था."

"संघाचाच झाला ना? मग झालं तर!" मी फटकारलं. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जेवायला बसली की ताटाकडे बघायची. यादी लागली, तिचं नाव होतं, आणि माझी पोर रडली. आनंदाने नव्हे.

तिसऱ्या दिवशी मी खंडेराव गेटला गेले. दद्दांच्या घरच्या काकूंनी चहा दिला. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे मला उभं सोलणार. दद्दांनी चष्मा पुसून नाकावर चढवला. मग रुमाल सोडला, पान काढलं, अकरावर आडवी रेघ ओढली, वर सात लिहिलं, बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहून वही माझ्याकडे वळवली. "सही करा."

माझी वाचायची हिंमत झाली नाही. डोळे मिटल्यासारखी सही केली.

"झालं ना दद्दा?"

"कसं होईल? वाचन तिच्या माघारी झालंय. परत करावं लागेल."

रविवारी आम्ही तिघं बसने मऊरानीपुरला गेलो. पोरीच्या अंगणात गव्हाची पोती रचलेली. दद्दांनी उभं राहून सगळा सामना पहिल्यापासून वाचला. आजी, आई, शेजारणी, सगळ्या पदर सावरून ऐकत होत्या. तिचा पाचवा गोल आला तेव्हा सात नंबरच्या पोरीने तोंडावर हात धरला. माझी मुलगी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"कोई एतराज?"

आजी म्हणाली, "हमें तौ कछू समझ नईं परो. पै बिटिया को है, तौ लिख दो."

"लिख दिया, अम्मा."

दद्दांनी तिथूनच प्रशिक्षकांना कळवलं आणि त्याच संध्याकाळी यादी बदलली. परतीच्या बसमध्ये माझी मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. त्या प्रसंगाबद्दल दद्दा पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत, आणि पुढच्या रविवारी शेजारची खुर्ची हाताने झटकून म्हणाले, "बसा, ताईजी."

मागच्या थंडीत दद्दा गेले. तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाई लाल रुमालातलं दप्तर घेऊन माझ्या दारात आल्या. "बाबा बोलून गेले होते, ताईजींनाच द्या."

आठवडाभर मी गाठ सोडली नाही. त्या पानावर माझं खोटं त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं असणार, खाली माझी सही. शेवटी एका दुपारी घरी कोणी नसताना पान काढलं. बाजूला लिहिलं होतं, 'चूक लिहिणाऱ्याची. नजर वहीकडे होती. ताईजींनी स्वतः येऊन दुरुस्त केले.'

एवढंच. मी खोटं बोलल्याचं कुठेही नाही. ज्या माणसाने एकीचा गोल कधी दुसरीच्या नावावर जाऊ दिला नाही, त्याने माझी चूक आपल्या नावावर लिहून ठेवली होती. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.

मग पेन आणलं. 'लिहिणाऱ्याची' या शब्दावर आडवी रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. वर माझं नाव लिहिलं, कारण लिहिलं, सही केली. उभी राहिले आणि ओळ मोठ्याने वाचली.

"कोई एतराज?" मी विचारलं, आणि ते थांबायचे तेवढा वेळ थांबले.