कुंकवाची हिरवी रेघ

खडवलीकडचा सहदेव ठाण्यात आला, वर्तकनगरात राहिला, रिक्षा चालवता चालवता म्हातारा झाला. पण त्याच्या तोंडातले बैल काही सुटले नाहीत. पाहुण्याला पाण्याचा पेला देता देता तो हरण्या-चिक्यावर यायचा. ही त्याची जोडी. तरणा असताना त्यानं तिच्यावर गावची शर्यत मारलेली. दुसरा आलेला त्याचा मेव्हणा गोविंदा, आणि तेव्हापासून गोविंदाचं एकच टुमणं, "दाजी, निशाणापाशी तुमी गारीत नवतेच. गारीवानाचा हात सुटला का जोरी बाद."

"फोटू हाय माझ्याकरं," सहदेव म्हणायचा.

फोटू होता खरा, पण एवढासा, काडेपेटीहून जरा मोठा. त्यात दोन बैल, निशाणाचा बांबू आणि मागे नुसता धुरळा.

यंदा शर्यतीच्या मैदानावर जुन्या मानकऱ्यांचा बॅनर लागायचा होता, आणि कमिटीत गोविंदा. "साफ फोटू द्या, मंग नाव टाकतो. धुरल्याला मान नाय देत आमी," असं बजावून तो सकाळीच येऊन सोफ्यावर मांडी घालून बसला. संध्याकाळच्या आत फोटू कल्याणच्या बॅनरवाल्याकडे पोचायला हवा होता.

सून संचिता हिचा स्कॅनर घरातच होता. कामावर जाताना ती सासऱ्याला बटणं दाखवून गेलेली.

पहिल्या झटक्यात पडद्यावर नुसता उजेडाचा गोळा आला.

"यो हरण्या का उगवता सूर्य?" गोविंदा म्हणाला.

सहदेवची बायको कलावती खाली बसून लसूण सोलत होती. भावाच्या जोकला हसायचं की नाही हे तिनं क्षणभर ठरवलं आणि हसली. "अवो, पिशवीतनं कारा तरी त्याला!"

फोटू प्लास्टिकच्या पाकिटासकट ठेवलेला. काढला. आता बैल आले, पण तोंडं चौकोनी चौकोनी, चिरे रचल्यासारखी. सहदेवनं सुनेला फोन लावला.

"बाबा, रिझोल्यूशनचा आकडा पंच्याहत्तर असेल. बाराशे करा."

केला. मशीन घाट चढणाऱ्या रिक्षेसारखं कण्हत पुढे सरकलं. या खेपेला हरण्याची नाकपुडी दिसली, वेसण दिसली; पण धुरळ्यातून वरपासून खालपर्यंत सरळ एक हिरवी रेघ.

"निशाणाची दोरी वाटतं," गोविंदानं मान वाकडी केली. "दोरी हाय, बैल हाईत, दाजी कुठं हाईत?"

सहदेवनं फोटू सदऱ्याच्या टोकाला पुसला. रेघ तिथंच. चष्म्याच्या फडक्यानं काच पुसली. रेघ तिथंच. मग त्याच्यातला रिक्षावाला जागा झाला. गाडी झटके खायला लागली तर आधी बघायचं, पेट्रोलात खोट आहे का प्लगात. त्यानं फोटू उलटा फिरवून ठेवला. बैल पडद्यावर खाली डोकं वर पाय झाले, पण रेघ जागची हलली नाही. फक्त धुरळा सोडून चिक्याच्या पोटातून गेली.

"फोटू धरधाकट हाय," तो म्हणाला. "दुखनं मशिनीला हाय."

पुन्हा फोन. संचितानं विचारलं, "रेघ कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

"मग काचेच्या काठाला पांढरी पट्टी आहे, तिथे काही लाल सांडलंय का बघा. मशीन सुरू होताना ती पट्टी बघून पांढरं म्हणजे काय ते ठरवतं. तिथे लाल दिसलं की तेवढ्या रेघेत लाल कापत सुटतं, आणि हिरवट उरतं."

सहदेवनं बॅटरी लावली, नाक काचेला टेकवलं. काठाशी चिमूटभर कुंकू चिकटून बसलेलं. त्यानं कलावतीकडे बघितलं. लसूण थांबला.

"दसऱ्याला सगल्या हत्यारांना लावलं," ती म्हणाली. "मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं. यानं काय पाप केलतं?"

"पन काचंवर?"

"मंग त्याचं कपाल कुठं हाय ते दावा मना."

कान कोरायच्या कापसाच्या काडीनं सहदेवनं कुंकू टिपून काढलं आणि बटण दाबलं.

फोटू लख्ख आला. तिघंही पडद्यावर वाकले. सहदेव मोठं करत गेला. धुरळ्यातून गाडी दिसायला लागली. रिकामी.

गोविंदानं मांडीवर थाप मारली. "गारी मोकली! बाद!"

सहदेवनं चित्र आणखी मागे सरकवलं, हिरवी रेघ होती तिथपर्यंत. गाडीच्या मागच्या फळीला एक पंजा चिकटलेला. पंजामागे हात, हातामागे तरणा सहदेव, जमिनीवर आडवा, गाडीमागं फरफटत, ढुंगण आभाळाकडे आणि चड्डी मधोमध टरकलेली.

"हात बघ, हात!" सहदेव ओरडला. "सुटलाय का? धरलाय!"

गोविंदानं चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "धरलाय," तो शेवटी म्हणाला. "जोरी बाद नाय. मान तुमचा, दाजी." मग त्याच्या मिशीत हसू फुटलं. "पन फोटू योच लागंल. आनि बॅनर बारा फुटी हाय."

आता कुठे सहदेवचं लक्ष चड्डीकडे गेलं.

"मना म्हाईत होतं," कलावती पदरात हसत म्हणाली. "ती चड्डी मीच शिवली. तुमी म्हनलात, काट्याच्या कुपाटीला अरकली."

सहदेवनं फोन उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच बोलला, "संचिता, ती रेघ परत आनता येल का? जरा बोटभर जारी?"

"कुंकू आनू?" कलावती उठायलाच लागली.

पण बॅनरवरचा मान सोडवेना. तो मेव्हण्याकडे वळला. "ने फोटू. पन बॅनरवाल्याला सांग, नाव ठलक टाक. आनि नेमकं तिथंच टाक."

"तिथंच? म्हंजे तुमचं नाव तुमच्याच..."

लसणाचं ताट उपडं झालं. कलावती पोट धरून खाली बसली होती.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर बॅनर फडकत होता. नाव बॅनरवाल्यानं सांगितलं तिथंच टाकलेलं, पण 'सहदेव' हे नाव चारच अक्षरांचं, आणि चड्डी दोन्ही बाजूंनी उरलेली. सहदेव त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं दाखवत, "हात बघा, हात!"