आईला आणायला गेलेली गाडी

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आता माझी गाडी बटण दाबलं की सुरू होते. मस्कतच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, तेव्हाची गाडी तशी नव्हती. ती तिसऱ्या मालकाकडून आमच्याकडे आली होती आणि पहिल्या मालकाची आठवण आल्यासारखी कुठेही थबकायची.

आई तीन वर्षं तिकडे यायला तयार नव्हती. "परमुलखात चार भिंतींत कोंडून नाई राह्यत मी," एवढंच तिचं कारण. शेवटी मी तिला गाडीचा फोटो पाठवला. धुऊन, पुसून, चेपलेली बाजू भिंतीकडे करून. तेव्हा ती म्हणाली, "गाडी हाय तं येईन तीन महिने. पण विमानतळाच्या दाराशी तूच पाह्यजे, तुह्या गाडीसंगं. नाई तं मी आल्या पावली वापस."

ही नुसती धमकी नव्हती. नात्यातल्या एका लग्नाला जाताना घ्यायला कोणी आलं नाही म्हणून सेलूच्या स्टँडवरून आहेरासकट परत फिरलेली बाई ती.

मे महिन्यातला शुक्रवार. विमान अकराला. साडेनऊला मी किल्ली फिरवली. टक्. एवढंच.

"टॅक्सी बोलावते," बायको म्हणाली. ती सेलूची, बोलणं सरळ.

"टॅक्सी नाही."

"काऊन? नाक कापलं जाते काय तुमचं?"

"नाकाचं सोड. आई परत जाईल."

हे तिलाही पटलं. सासू एकदा फिरली की फिरली. तिने पदर खोचला आणि मुलीला घेऊन गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

आमच्याकडे गाडी बंद पडली की बॉनेट कोणी उघडत नाही, आधी मागून हात लावतात. केळझरच्या गणपतीला जाताना जीप ढकलल्याशिवाय दर्शन पुरं होत नाही, असंच मला लहानपणी वाटायचं. म्हणून त्या दिवशीही मी स्टिअरिंगवर, दार उघडं, एक पाय बाहेर. मागे इस्त्रीच्या साडीतली बायको आणि नवा फ्रॉक घातलेली मुलगी. इमारतीच्या पार्किंगला आम्ही दोन फेऱ्या मारल्या. बाल्कन्यांमधून तीन-चार देशांचे लोक पाहत होते. तिसऱ्या फेरीला तळमजल्यावरचे केरळचे शेजारी चहाचा कप घेऊन बाहेर आले. थोडा वेळ त्यांनी सभ्यपणे पाहिलं, मग म्हणाले, "मास्टरजी, ये ऑटोमॅटिक है. धक्के से कभी चालू नहीं होगी."

मागून हाशहुश थांबलं.

"शाळेत काय शिकवता म्हणे तुम्ही?" बायकोने विचारलं.

शेजाऱ्यांनी त्यांची गाडी समोर आणली, दोन जाड वायरींनी दोन्ही बॅटऱ्या जोडल्या आणि आमची गाडी खोकत उठली. "रास्ते में बंद मत करना," त्यांनी बजावलं. "और गरम हुई तो एसी बंद, हीटर फुल."

विमानतळावर पोचेस्तोवर सव्वाबारा. गाडी बंद करायची सोय नव्हती. बायकोला राखणीला बसवून मी धावलो. कपाळावरून घाम, शर्टावर काळ्या हातांचे ठसे. आई दाराशी मोठ्या बॅगेवर ताठ बसली होती, मनगटावरच्या घड्याळात पाहत.

"गाडी कुठं हाय?" पहिलाच प्रश्न.

"चालू ठेवलीय आई, तुझ्यासाठी." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

ती पुढे बसली. तीन सिग्नल नीट गेले. चौथ्याला इंजिनचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. मस्कतच्या मे महिन्यात. समोरच्या जाळ्यांतून भट्टीसारखी हवा यायला लागली. खिडक्या उघडाव्यात तर आईच्या बाजूची काच उतरत नसे, हे मी फोटोसोबत कळवलं नव्हतं.

"हे काय होय?" आई म्हणाली.

"हीटर."

"काऊन?"

मग मी सांगितलं. हीटर इंजिनची गरमी ओढून घेतो इथपासून बॅटरी, धक्का, फोटोत न दिसणारी बाजू. मी गाळत होतो ते बायको मागून भरत होती. ढकलताना फ्रॉकला पडलेल्या डागापर्यंत. आईने पदराने तोंड पुसलं. "वर्ध्याच्या उन्हातून सुटली म्हटलं, तं तुम्ही ऊन गाडीतच भरून ठेवलं." घर येईस्तोवर परतीच्या तिकिटाचं तिने काढलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने मला हलवून उठवलं. लुगडं नेसून, चपला घालून तयार.

"ऊठ. बॅटरीचं दुकान कुठं हाय ते दाखव."

"आई, चहा तरी होऊ दे."

"चहा वापस आल्यावर. तीन महिने हाय मी इथं, आन् मले समुद्र पाह्याचा हाय."