दुसरी ओव्हरी

"दोन आहेत ना, मग एक काढून टाका" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी नागपुरात लहान मुलांची सर्जन आहे आणि लहान मुलींच्या ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या गाठी माझ्याकडे बऱ्याच येतात. ही बायकांची दुखणी, पोरींना कुठली होतात, असं लोकांना वाटतं. पण होतात. तान्ह्या मुलींनाही होतात.

ही मुलगी सावनेरच्या पुढच्या एका गावातली, सहावीत शिकणारी. पोट वाढायला लागलं तेव्हा शाळेतल्या पोरी तिला ढेरी म्हणून चिडवायच्या आणि घरचे खूश, की चला, पोरीच्या अंगाला अन्न लागतंय. मग युनिफॉर्मची चेन लागेना. एक दिवस न्हाऊ घालताना आईच्या हाताला पोटात कडक काहीतरी लागलं आणि आई, वडील, आत्या असे तिघे तिला घेऊन आले. आत्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, काही दुसरं तर नाही ना?" तिला काय विचारायचं होतं ते कळायला वेळ लागला नाही. "गाठ आहे," मी तिला म्हटलं, वडिलांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

तपासण्या बऱ्या आल्या. रक्तात वाईट काही नव्हतं. स्कॅनमध्ये उजव्या ओव्हरीतून निघालेल्या त्या गाठीत चरबी आणि दातासारखे कठीण ठिपके दिसत होते, म्हणजे साधी गाठ असण्याची शक्यता जास्त. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: डावी ओव्हरी दिसत नाही, गाठीमागे दडली असावी. असं पुष्कळदा असतं, म्हणून तेव्हा मी त्यावर थांबले नाही.

वडील कापसाचे शेतकरी, भला माणूस. बोलताना सारखा पोरीच्या केसांवरून हात फिरवायचे. पण शेवटी तेच म्हणाले.

"दोन राहते ना मॅडम? मंग ते खराब झालेली पुरीच काढून टाका. मागाहून झंझट नको."

"कापूस वेचता तेव्हा झाड उपटता का हो?"

ते हसले. "नाही जी."

मग मी समजावून सांगितलं. गाठ वाईट निघाली तर ओव्हरी सगळी जाईल, तिथे माझा इलाज नाही. साधी वाटली तर फक्त गाठ सोलून काढीन आणि ओव्हरी ठेवीन. पुढे मुलीची पाळी, तिची वाढ, तिचं आईपण हे सगळं ओव्हरीवरच असतं. "पण दुसरी तर आहे ना," ते पुन्हा म्हणाले. त्यांना कॅन्सरची भीती वाटत होती, बाकी काही नाही. आई पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली होती.

आम्हाला शिकवणारे सर अशा ऑपरेशनला ठरलेलं एक वाक्य ओरडायचे. "त्या गोळ्याले काय पाहून राहिली? तो कुठं पळून जाते का? आधी दुसरी पाह्य!" लग्नात सगळे नवरदेवाकडेच बघतात तसं पोट उघडलं की सगळ्यांचे डोळे गाठीवर जातात. शिकत असताना मला ही सरांची लहर वाटायची. आता माझे हात आपोआपच तसे चालतात.

त्या दिवशीही तसंच केलं. पोट उघडलं, आतलं पाणी तपासणीला घेतलं आणि गाठीला हात न लावता डाव्या बाजूला गेले. गर्भाशयाकडून ओव्हरीकडे जाणारी नळी सापडली. तिच्यामागे बोटं फिरवत गेले तर ती दोऱ्यासारखी बारीक होत संपली. तिच्या टोकाला काहीच नव्हतं. पुन्हा शोधलं. "दडली असेल, मॅडम," माझा असिस्टंट म्हणाला आणि त्यानं माझ्या शिव्या खाल्ल्या. मग अगदी तळाशी हरभऱ्याएवढा एक खडा हाताला लागला, चुन्यासारखा कडक, कशालाही न चिकटलेला. ती तिची डावी ओव्हरी. कधी कधी तान्हेपणी, किंवा आईच्या पोटात असतानाच, ओव्हरी देठावर पिळली जाते, रक्त बंद होतं आणि ती वाळून गळून पडते.

मी घाबरले. स्पष्टच सांगते, हात थांबले माझे.

"काय झालं वं?" भूल देणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं.

"दुसरी नाहीये हिला."

उजवी ओव्हरी त्या गाठीवर दुधावरच्या सायीसारखी ताणून पसरली होती. सायीला धक्का न लावता खालचं सगळं काढायचं होतं. मी तिच्यापासून लांब, पलीकडच्या अंगाला चीर दिली आणि हळूहळू सोलत गेले. एरवी वेळेवरून माझ्याशी भांडणारी ती मैत्रीण त्या दिवशी एकदाही घड्याळाबद्दल बोलली नाही. गाठ न फुटता बाहेर आली. मागे राहिली ती एक लिबलिबीत पट्टी. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. तिचा रंग गुलाबीच राहिला.

काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी ट्रे घेऊन बाहेर आले. चिरून उघडलेल्या गाठीत केसांचा पुंजका होता आणि एक दात. आत्यानं तोंडाला पदर लावला. ओव्हरीतल्या पेशी कधी भरकटतात आणि केस, दात असं काहीही बनवत बसतात, हे मी सांगितलं. हे बाळ नाही आणि कोणाची करणीही नाही, हेही ठणकावलं.

"दुसरी तर चांगली आहे ना?" वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं. डावी बहुतेक तान्हेपणीच पिळली जाऊन वाळून गेली, जी ठेवली आहे, तीच आता एकुलती एक आहे. गाठीच्या रिपोर्टमध्ये काही वाईट आलं तर तीही काढावी लागेल.

"मंग मी तर म्हणत होतो..." एवढं बोलून ते बाकावर बसले.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "हे रांगत बी नव्हती तवाची गोष्ट. दोन दिवस रडून राहिली होती, पाय पोटाशी घेऊन. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ. सगळे म्हणे नजर लागली. पहिलटकरीण तू, तुले काय समजते म्हणे."

आत्या खिडकीकडे बघायला लागली. तेव्हाच झालं असेल असं नाही, जन्माआधीही होऊ शकतं, असं मी म्हटलं. ते खरंच आहे. पण आईला ते पटलं नाही, आणि मलाही पुरतं पटलं नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ. राउंडला मुलीनं मला थांबवलं. "तो दात माझाच होता का मॅडम?"

"तुझाच."

"मंग उंदराच्या बिळात टाकाले देता का?"

वॉर्डातल्या सिस्टर खो खो हसल्या. मी म्हटलं, तपासणीला गेलाय, उंदराला दुसरा शोधू दे.

मग दर काही महिन्यांनी नागपूरच्या सदर भागात सोनोग्राफी व्हायची. ओव्हरी लहानशीच, पण रक्त खेळतं होतं. "काम करंल ना?" आई दर खेपेला विचारायची. बघू, याच्यापलीकडे मला काही सांगता यायचं नाही. एक मात्र तिला बजावून ठेवलं होतं, की हीसुद्धा पिळली जाऊ शकते. पोटात जोरात दुखलं तर थांबू नका.

वर्ष उलटून गेलं. एका सकाळी ओपीडी उघडली तर दारात आई आणि मुलगी, दोघीच. आई घरातल्या साडीवर, केस न विंचरलेले.

"हिचं पहाटेपासून पोट दुखून राहिलं. हे वावरात गेले होते. मी कोणाले विचारलंच नाही, तशीच निघाली."

 मुलीला टेबलावर घेतलं. पोट मऊ होतं. सोनोग्राफी लगेच करून घेतली. ओव्हरी जागच्या जागी, रक्तही व्यवस्थित. मग दुखतंय काय? एवढ्यात मुलगी मान खाली घालून म्हणाली, बाथरूमला जायचंय. सिस्टर तिला घेऊन गेली आणि परत आली ती तोंडभर हसत.

"मॅडम, पाळी आली पोरीले."

आईला आधी काही उमगलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे... चालू आहे?"

"चालू आहे," मी म्हटलं. असा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग ओशाळून म्हणाली, "मी उगीच धावत आली का मॅडम?"

"उगीच?" मी जवळजवळ खेकसलेच. "अशीच येत जा. कोणाले विचारू नको."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. कुठे गेलीस, असं विचारत असणार. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "नागपूरले आहो. दवाखान्यात. हो, मीच आणली तिले."